मी येईपर्यंत चालायचं नाही

प्रिय ताई,

‘पत्रास कारण की’ असं लिहिलं की पुढच्याच ओळीत कारण सांगावं लागतं. मला ते इतक्या लवकर जमायचं नाही, म्हणून ती ओळ गाळून सुरुवात करतो. तू घाबरू नकोस. आई बरी आहे, तुझी लेक भिंगरी बरी आहे, मीही बरा आहे आणि नोकरी अजून आहे. यातला ‘अजून’ मी दोनदा खोडून परत लिहिला, कारण मधे असे काही दिवस गेले की ती राहील असं मला वाटत नव्हतं. रविवारच्या फोनवर हे सांगता आलं असतं, पण आपला फोन म्हणजे चव्हाटा. इकडे आई माझ्या कानाला कान लावून बसते, भिंगरी मधेच फोन ओढते, आणि तिकडे तुझ्या कामाच्या घरातलं पोर तुझ्या पदराशी असतंच. त्यात असलं काही बोलता येत नाही. म्हणून पत्र. आधी कच्चं लिहिलंय, आता पक्कं लिहितोय. ऱ्हस्व-दीर्घ तपासलंय. तरी काही राहिलं तर माझी शाळा नववीत सुटली हे लक्षात घे.

तू पोरं सांभाळायला माणसं देणाऱ्या तुझ्या एजन्सीच्या बाईंना माझ्यासाठी फोन केलास, तेव्हा त्या काय म्हणाल्या ते तू मला कधी सांगितलं नाहीस. परवा त्यांनीच सांगितलं. तू म्हणालीस, माझा भाऊ माझ्याहून बरं पोर सांभाळतो, माझीच पोर सांभाळतोय. त्यावर बाई म्हणाल्या, ‘अगं, सांभाळत असेल, पण त्याला मिशा आहेत त्याचं काय करू?’ आणि तू म्हणालीस, ‘पोराला मिशांची गंमत वाटते, अडचण आईबापांनाच वाटते.’ बाईंना हे पटलं की नुसतं हसू आलं, कोण जाणे, पण त्यांनी माझं नाव घातलं. वर बजावलंही. तू टिकलास तर तुझ्यामागून आणखी पुरुष घेईन, नाही टिकलास तर हे दार बंद, आणि तुझ्या बहिणीचा शब्दही पाण्यात. मला झोप उडायला एवढं पुरलं. तुला माहीत आहे, मी साधी कडी लावली तरी परत जाऊन बघणारा माणूस.

शिकवणीच्या वर्गात सगळ्या बायका आणि मी एकटा. प्लॅस्टिकच्या बाहुलीला आंघोळ घालायची होती. बाकीच्यांनी घातली आणि तिचा पाय धरून तिला कपाटात टाकली. माझी पाळी आली तेव्हा मी पाणी कोपराने दोनदा पाहिलं, बाहुली पुसली, आणि मानेखाली हात देऊन तिला कपाटात निजवली. सगळा वर्ग खो खो हसला. एक म्हणाली, ‘अरे, तिला ढेकर काढायची राहिली की!’ मी लाजेने पाणी पाणी झालो, पण एजन्सीच्या बाई हसल्या नाहीत. त्याच दिवशी त्यांनी तो नियम सांगितला, जो तू मला आधीच सांगितला होतास. पोराचं पहिलं पाऊल, पहिला शब्द, पहिला दात आपल्याला दिसला, तर आपण आंधळे. संध्याकाळी आईला दिसेल, ती नाचेल, आपणही तिच्याबरोबर नाचायचं आणि म्हणायचं, अगबाई, खरंच की! दिवसभर बाहेर राबणाऱ्या बाईला तेवढं तरी तिचं म्हणून मिळू द्यावं. तू हेच तुझ्या भाषेत सांगितलं होतंस, ‘पाहिलं तरी गिळायचं.’ सगळ्याजणींनी माना हलवल्या. मी मात्र ते पाठ केलं. माझं हेच चुकतं बघ. लोक नियम ऐकतात, मी पाठ करतो.

घर कसं मिळालं तेही सांगतो, कारण तुला हसू येईल. एजन्सीच्या कचेरीत मॅडम आल्या होत्या, बरोबर त्यांचे वडील. मॅडम पुलांची तपासणी करतात. म्हणजे पुलाखाली झुल्यासारख्या पाळण्यातून उतरायचं, हातोडीने ठोकायचं, कुठे तडा आहे ते कानाने ऐकायचं. कामाला निघाल्या की चार-पाच दिवस बाहेर. बाळाचे वडील बोटीवर, वर्षातून दोनदा येतात. आजोबा शाळेत पीटीचे सर होते, आता गुडघा धरून बसलेत, पण गळ्यात शिट्टी आहेच. पोराला पळून पकडणं त्यांच्याने होत नाही, म्हणून माणूस हवा. माझ्या आधी दोन बायका आत गेल्या. दोघींनी सांगितलं, पोटच्या पोरासारखं सांभाळू. मला विचारलं तर माझ्या तोंडून आधी प्रश्नच बाहेर पडले. खिडक्यांना जाळी आहे का, गच्चीच्या दाराला कडी किती उंचावर आहे, नळाला एकदम उकळतं पाणी येतं का, औषधं कुठल्या खणात ठेवता. आजोबा मॅडमना म्हणाले, ‘हा कामाला आलाय की आपल्या घराची झडती घ्यायला? हवालदारच दिसतोय.’ मला वाटलं, गेलं काम. पण मॅडम म्हणाल्या, ‘बाबा, माझं पण काम हेच आहे. सगळं ठीक आहे म्हणणारा माणूस मला चालत नाही.’ झालं. त्या दिवसापासून मी त्या घरात हवालदार. आणि बाळाला आजोबा पैलवान म्हणतात, कारण तो आधी मांड्या थोपटतो आणि मग रांगायला लागतो.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दाराशी मॅडमचे चिखलाचे बूट आणि पिवळं शिरस्त्राण टांगलेलं असतं. बैठकीत लांब सोफा, त्याच्यासमोर बुटकं टेबल, त्याचे कोपरे मी पहिल्याच दिवशी फडक्यांनी बांधले. टेबलाला पगडी घातली म्हणून आजोबा दिवसभर हसत होते. खाली बागेत मुलं घेऊन येणाऱ्या बायका आधी माझ्याशी बोलतच नसत. एकीने तर विचारलं, ‘याची आई पळून गेली का?’ मग हळूहळू त्यांनी मला त्यांच्यात घेतलं. आता मला त्या ‘मावशीबुवा’ म्हणतात. कुणाच्या पोराला शी झाली की पंचाईत सोडवायला मला बोलावतात, कारण माझ्या पिशवीत जास्तीचं सगळं असतं. पैलवानाला मी आवडलो, हे मी फुशारकीने सांगत नाही. त्याला माझ्या मिशा ओढायला आवडतात. तू म्हणाली होतीस तसंच झालं.

आता पुढचं सांगतो.

एके सकाळी मॅडम कामाला निघाल्या. पैलवान सोफा धरून उभा होता, एक हात सोडून परत धरत होता. चालणार चालणार असं आठवडाभर चाललंच होतं. मॅडमनी बूट घालता घालता त्याचा गाल ओढला आणि म्हणाल्या, ‘ए पैलवान, मी येईपर्यंत चालायचं नाही हं. आईसाठी थांब.’ हसत म्हणाल्या. कुठलीही आई म्हणेल तसं. पोराला काय कळणार आहे त्यातलं? पण मला कळलं ना. मला ते सूचना दिल्यासारखं ऐकू आलं, ‘दूध गार करून दे’ म्हणतात तसं.

दुसऱ्याच दिवशी मी धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीशी बसून घड्या घालत होतो आणि पैलवानाने सोफा सोडला. सोडला आणि माझ्याकडे आला, ताई. डुलत, तोंड उघडं, दोन्ही हात पंखांसारखे. टोपलीपर्यंत आला आणि माझ्या मांडीवर पडला. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. आईसाठी थांब म्हटलं होतं आणि हा थांबला नाही. तू असतीस तर काय केलं असतंस? गिळलं असतंस, गप्प बसली असतीस, पोराला चालू दिलं असतंस, आणि आई आल्यावर तिच्याबरोबर टाळ्या वाजवल्या असत्या. मला वाटलं, तो आता रोज चालेल, चारपाच दिवसांत नीट चालायला लागेल, मग मॅडम येतील तेव्हा त्याचं पहिलं पाऊल कसं दिसेल? त्यांचं काम तडा ओळखण्याचं. जुनं पाऊल त्यांना कळणार नाही? म्हणून मी त्याला चालूच दिलं नाही.

तो हात सोडायला लागला की मी उचलून घ्यायचो. उभा राहिला की समोर बसून मांडीवर ओढायचो. बुटकं टेबल मी भिंतीकडे सरकवलं, म्हणजे सोफ्यापासून टेबलापर्यंत जायचा मोह नको. त्याच्या पायात मऊ लोकरी मोजे घातले, ते फरशीवर घसरतात. असा मी त्याला मॅडमसाठी जपून ठेवला, एखादी वस्तू कागदात गुंडाळून ठेवावी तसा. आजोबांना वाटायचं, हवालदार किती लाड करतो. मॅडमचं काम लांबलं, पुलाचा कुठला तरी खांब मनासारखा नव्हता, त्यामुळे त्या आणखी काही दिवस आल्या नाहीत. मी तितके दिवस तेच केलं, आणि दर संध्याकाळी घरी येताना मला वाटायचं, आपण नियम किती नीट पाळतोय.

मॅडम आल्या. मी मोजे काढले, टेबल पुढे ओढलं, पैलवानाला सोफ्याशी उभं केलं. मॅडम समोर बसल्या, हात पसरले, ‘ये, ये.’ त्याने हात सोडला. आणि त्याने दोन्ही हात वर केले, उचलून घ्या म्हणून. कुणी उचलेना तेव्हा मटकन खाली बसला आणि रांगत गेला. ताई, तो शिकला होता. हात सोडला की उचलतात, हेच तो शिकला होता. मी शिकवलं होतं.

मला वाटलं, उद्या चालेल. उद्याचा परवा झाला. मी त्याला उचलणं बंद केलं तर तो रडायला लागला, आणि तो रडला की मॅडम उचलायच्या. मग तो उभं राहणंही टाळायला लागला. आजोबा शिट्टी वाजवायचे, ‘पैलवान आखाड्यात उतरायला तयार नाही!’ पण तेही पुढे हसेनासे झाले. बागेतली त्याच्याहून लहान पोरं चालायला लागली. बागेतल्या बायका आपापसात बोलायच्या आणि मी जवळ गेलो की गप्प व्हायच्या. शेवटी मॅडम त्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मीही बरोबर होतो, पिशवी धरून. डॉक्टरांनी त्याचे पाय दुमडले, कंबर दाबून पाहिली, गुडघ्यावर ठोकलं. म्हणाले, मला तरी काही दिसत नाही, काही मुलं उशिरा चालतात, थोडं थांबू, नाहीतर हाडांच्या डॉक्टरना दाखवू. मग विचारलं, ‘कधीच आधाराशिवाय चालला नाही?’ मॅडम म्हणाल्या, ‘कधीच नाही.’ आणि माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीकडे पाहिलं.

तरीही मी बोललो नाही. का ते मला नीट सांगता येत नाही. तुझा शब्द, मागून येणारी माणसं, बंद होणारं दार, हे सगळं डोक्यात होतंच. पण खरं म्हणजे भीती होती. नियम मोडला म्हणून नव्हे, तर नियम इतका पाळला की पोराचं चालणं मोडलं, हे कुणाला सांगायचं आणि कसं? रविवारी फोनवर तुला विचारायचं मनात होतं. तू विचारलंस, ‘कसं काय चाललंय रे?’ मी म्हटलं, छान. आई म्हणाली, त्याच्या घरची माणसं फार चांगली आहेत. तू म्हणालीस, मग झालं तर. आणि भिंगरीने फोन बंद केला.

तोंड उघडावं लागलं ते वेगळ्याच कारणाने. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. मॅडम तिथे आल्या, कपड्यांच्या पलीकडे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हवालदार, मी बाहेरची कामं सोडायचं ठरवलंय. कचेरीतलं टेबलाचं काम मागून घेते. सोमवारी साहेबांना सांगेन. मी सारखी बाहेर, त्याला पायांवर उभं राहायचं धैर्यच होत नसेल.’ पुढे म्हणाल्या, ‘तुझं काम जाईल अशी काळजी करू नकोस, तू राहा.’ ताई, मॅडमना पुलाखालच्या त्या पाळण्यात उतरायला किती आवडतं, ते मी त्या घरी रोज ऐकतो. पुलाच्या गोष्टी सांगताना त्यांचा आवाजच बदलतो. आणि वर त्यांना माझ्या कामाची काळजी. माझ्या हातात ओलं झबलं होतं, ते मी नुसतं पिळत राहिलो. मग म्हटलं, ‘मॅडम, तो चालतो. मी चालू देत नव्हतो.’

मग सगळं सांगितलं. मोजे, टेबल, सगळं. कपड्यांच्या आडून त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, हे बरं झालं. सांगून संपलं तशा त्या आत गेल्या. आतून आजोबांचा आवाज आला. ‘काय? अरे हवालदारा, तू पोरालाच अटक केलीस की काय?’ कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने मॅडम परत आल्या आणि मग जे बोलायचं ते बोलल्या. ‘डॉक्टरकडे तू माझ्या शेजारी बसला होतास. मी कधीच नाही म्हटलं तेव्हा तुझ्या तोंडाला कुलूप होतं? मी इथे रात्रंदिवस स्वतःला शिव्या घालतेय आणि तू झबली वाळत घालतोयस?’ मी म्हटलं, एजन्सीत असं शिकवतात की पहिलं पाऊल आईलाच दिसावं. त्या म्हणाल्या, ‘कुणी ठरवलं हे? मला कुणी विचारलं?’ ते खरंच आहे. आपण सगळ्याजणी, म्हणजे तुम्ही सगळ्याजणी आणि मी, हा नियम पाळतो, पण ज्या आईसाठी पाळतो तिला कधी कुणी विचारलंय?

मॅडमनी एजन्सीला फोन लावला. माझ्यासमोर लावला. तिकडून एजन्सीच्या बाई इतक्या मोठ्याने बोलत होत्या की मलाही ऐकू येत होतं. ‘असला कसला आंधळा हा, मी डोळे मिटायला सांगितले होते, पोराचे पाय बांधायला नाही!’ मी पिशवी आवरायला घेतली. जास्तीचे लंगोट काढून खणात ठेवले, कुठलं मलम कशाचं ते आजोबांना दाखवलं. गिझरचं बटण बंद आहे ना तेही पाहिलं, सवयीने.

दाराशी चपला घालत होतो तेव्हा मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या कडेवर पैलवान. म्हणाल्या, ‘कसा चालला तो?’ मला कळलंच नाही. ‘पहिल्यांदा. कसा चालला? कुठला पाय आधी टाकला?’ मी म्हटलं, डावा. ‘पडला?’ पडला, पण माझ्या मांडीवर. ‘रडला?’ नाही, हसला, आणि टोपलीतला तुमचा मोजा तोंडात घातला. त्या म्हणाल्या, ‘नीट सांग. पहिल्यापासून.’ मग मी एक चप्पल पायात आणि एक बाहेर, असा उभा राहून सगळं सांगितलं. त्यांनी मला ते करूनही दाखवायला लावलं. मी सोफ्यापासून टोपलीपर्यंत डुलत, हात पसरून, तोंड उघडं ठेवून चाललो. आजोबांनी शिट्टी वाजवली. मॅडम हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मग म्हणाल्या, ‘पहिलं मलाच दिसलं पाहिजे असा माझा हट्ट नाही रे. मी पुलाखाली लोंबकळत असते, मला कसं दिसेल? पण मला कळलं पाहिजे. जे लपवलंस ते फक्त तुझं झालं. सांगितलंस तर निम्मं तरी माझं.’ आणि चपला काढ म्हणाल्या.

पैलवान पुढे चालला कसा, तेही ऐक. मला एक जुनी गोष्ट आठवली, ती कुठली ते सांगतोच. तिच्यावरून मी मॅडमना म्हटलं, त्याला उचलायचंही नाही आणि बोलवायचंही नाही. त्याचे दोन्ही हात फक्त भरून टाकू. आजोबांचा जुना फुटबॉल कपाटावर होता, हवा गेलेला. तो त्याला दिला. एका हातात मावत नाही आणि सोडवतही नाही. दोन दिवस त्याने तो बसल्या जागी कवटाळला. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात भात मऊ करत होतो, मॅडम आंघोळीला गेल्या होत्या, आणि बैठकीतून शिट्टी वाजायला लागली, थांबेचना. आम्ही दोघं धावलो. मॅडमच्या केसांना साबण. पाहतो तर पैलवान दाराजवळ, चेंडू पोटाशी, आणि बसलेला! पाहिलं फक्त आजोबांनी. आता ते सगळ्यांना सांगत सुटलेत. त्यांच्या सांगण्यात दर वेळी पैलवान थोडा जास्त लांब चालतो. बागेतल्या बायकांना सांगताना तो जिना उतरायचाच बाकी होता. मॅडम काही म्हणत नाहीत, दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतात. सोमवारी त्या साहेबांकडे गेल्याच नाहीत, पुलाकडे गेल्या. संध्याकाळी मी फोन करतो, आज काय काय पाहिलं ते सांगतो. त्या म्हणतात, आणखी? आणि एजन्सीच्या बाई आता वर्गात माझी गोष्ट सांगतात म्हणे, नाव न घेता. नाव घ्यायची गरजच काय, मिशा एकालाच आहेत.

आता कारण, ताई. भाऊजी गेले आणि तू कामाला लागलीस, तेव्हा भिंगरी रांगत होती. पहिल्या सुट्टीला तू आलीस, तेव्हा आईने ओट्यावरून हाक मारली, ‘अगं बघ, बघ, तुझ्याकडे चालत आली! आईला बघून पाय फुटले!’ तू टाळ्या वाजवल्यास. अगबाई, खरंच की, म्हणालीस. मग तिला मांडीवर घेतलंस, तिचा छोटा बूट काढलास, उलटा केलास आणि तळावरून अंगठा फिरवलास. मला वाटलं, काटा बघतेयस. आता मी रोज पैलवानाचे बूट काढतो. तळ झिजायला किती चालावं लागतं ते मला ठाऊक झालंय. ती आधीपासून चालतेय हे तुला तेव्हाच कळलं होतं. तू ते गिळलंस, कारण तुझ्या धंद्यात तेच शिकवतात. तू कधी विचारलं नाहीस आणि आम्ही कधी सांगितलं नाही. तर आज सांगतो, तुझं निम्मं तुला देतो. सकाळची वेळ होती, आई पाणी भरत होती. तू जाताना नव्या चपला घालून गेली होतीस, तुझ्या जुन्या दाराशी राहिल्या होत्या. भिंगरीने त्यातली एक पलंगापर्यंत ओढत आणली आणि ती उचलून पलंगाच्या पायाशी उभी राहिली. चप्पल मोठी, तिचे हात छोटे, दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, म्हणून पलंग धरायला हात उरला नाही. आणि ती चालली. उजवा पाय आधी. मी आवाजही केला नाही. थेट दारापर्यंत गेली, ती चप्पल दुसरीच्या शेजारी ठेवली, टोक घराच्या आतल्या बाजूला, नुकतंच कुणी घरात आल्यासारखी. मग बसली आणि माझ्याकडे बघून हसली. ताई, रविवारी फोनवर यातलं काही बोलू नकोस, आईला वाईट वाटेल. तू फक्त भिंगरीला विचार, माझी चप्पल कुठे आहे गं. ती फोन टाकून पळत जाईल. तू ऐक, तिच्या पायांचा आवाज येईल.

तुझाच, कडी दोनदा बघणारा,
हवालदार